उत्स्फूर्त पाठाची रंगीत तालीम

विज्ञानाच्या सरांना लाज वाटण्याची फारशी सवय नव्हती. लाज वाटून घेणं हे मुलांचं काम आणि ती वाटायला लावणं हे आपलं काम, अशी त्यांच्या शाळेत सरळ वाटणी होती आणि ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली होती. त्यामुळे पुढे जे घडलं ते घडल्यावर आपल्याला नेमकं काय होतंय हे सरांना पटकन उमगलंच नाही. आधी त्यांना वाटलं, पित्त झालंय.

सगळ्याची सुरुवात एका प्रशिक्षण शिबिरात झाली. 'मुलांसमोर भाषण करू नका' या विषयावर तिथे एका तज्ज्ञांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाषण केलं. सभागृहभर शिक्षक रांगा करून बसले होते आणि ऐकतील ते उतरवून घेत होते. 'रांगेत बसलेल्या मुलाचा मेंदू झोपतो' असं तज्ज्ञ म्हणाले, तेव्हा मागच्या दोन रांगा खरोखरच झोपल्या होत्या. म्हणजे सिद्धांत तिथल्या तिथे सिद्धही झाला. आपले सर मात्र टक्क जागे होते. त्यात त्यांचा मोठेपणा काही नाही. त्यांच्या वाट्याला आलेल्या खुर्चीचा एक पाय लंगडा होता, आणि डुलकी लागली की ती बाजूच्या बाईंच्या अंगावर कलत होती. अब्रूसाठी जागं राहणं भाग होतं. जागे राहिले म्हणून त्यांनी ऐकलं, आणि ऐकलं म्हणून त्यांना ते पटलं. एरवी इतकी वर्षं शिबिरांना जाऊन ते कोरडेच परत आले होते.

तज्ज्ञांचं सांगणं साधं होतं. मुलांना उत्तर देऊ नका. वस्तू हातात द्या, प्रश्न विचारा आणि म्हणा, 'तुला काय वाटतं?' मूल चुकलं तर चुकू द्या. चुकत चुकतच ते शिकतं.

"आजपासून मी कुणालाही उत्तर देणार नाही," सरांनी घरी आल्या आल्या जाहीर केलं.

"बरं," बायको म्हणाली. "म्हणजे घरात जे चालतं तेच आता शाळेत."

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गातली बाकं गोलात मांडायला घेतली. शाळेची बाकं जुनी, लोखंडी पायांची. एकाच जागी इतकी वर्षं उभी, की फरशीला त्यांच्या पायांचे खळगे पडले होते. ती सरकवताना असा काही आवाज झाला, की शेजारच्या वर्गात लढाई शिकवणारे इतिहासाचे सर लढाई अर्ध्यावर टाकून बघायला आले. सरांचा वर्ग वरच्या मजल्यावर आणि त्याच्या बरोबर खाली मुख्याध्यापिकाबाईंचं ऑफिस. बाई वर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत छताचा चुना होता.

"हे काय चाललंय?"

"गोल करतोय, बाई. मुलांना एकमेकांचे चेहरे दिसावेत म्हणून."

"ते दिसू नयेत म्हणून तर रांगा असतात ना, सर?"

इतिहासाच्या सरांची हरकत वेगळी होती. ते गोलाच्या मधोमध उभे राहिले, चहूकडे वळून पाहिलं आणि खरोखरच्या काळजीनं म्हणाले, "पण मग खडू फेकून मारायचा कुठल्या दिशेला?" शिपाईमामांचं म्हणणं होतं की रांगा असल्या की झाडू सरळ जातो, गोलात कचरा मध्ये येऊन ठाण मांडतो. ते रोज संध्याकाळी बाकं पुन्हा रांगेत लावून ठेवत आणि रोज सकाळी सर मुलांकडून त्यांचा गोल करवून घेत. पहिल्या आठवड्यात मुलांचे दंड चांगले भरले. विज्ञान होतं तिथेच होतं.

चित्रकलेच्या बाईंनी मागच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत 'तुला काय वाटतं?' असं रंगवून दिलं. सरांनी त्या भिंतीकडे हात करून वर्गाला पहिला प्रश्न विचारला. "पाण्यात काही वस्तू बुडतात, काही तरंगतात. का? तुम्हाला काय वाटतं?"

मुलं सरांकडे पाहत होती, सर मुलांकडे. शेवटी वर्गातल्या पहिल्या नंबरनं हात वर केला. या मुलाचं खरं नाव शिक्षकसुद्धा विसरले होते, कारण तो पहिला नंबर होता आणि तेवढं पुरेसं होतं.

"सर, हे परीक्षेला येणार आहे का?"

"तुला काय वाटतं?" सर हसून म्हणाले. पहिल्या नंबरच्या डोळ्यांत पाणी आलं.

हळूहळू मात्र मुलांना वाटायला लागलं. इतकं वाटायला लागलं की आवरेना. एका शिंप्याचा मुलगा वर्गात होता. त्याचे वडील गळ्यात टेप तसाच ठेवून शाळेत आले. "सर, त्याला काय वाटतं हे विचारायला आम्ही फी भरत नाही. त्याला काय वाटतं ते घरी आम्हाला रोज फुकट ऐकायला मिळतं. आम्हाला काय वाटतं ते त्याला सांगा, त्याची फी घ्या!" सरांनी त्यांना शिक्षणशास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. पालथ्या घड्यावर पाणी. उलट जाताना त्यांनीच सरांच्या शर्टाची बाही आखूड झाल्याचं दाखवून दिलं आणि सर दिवसभर ती खाली ओढत राहिले.

पाण्याचे प्रयोग म्हणजे पाणी हवं आणि पाणी म्हणजे टब हवा. शाळेत टब मिळायला अर्ज, अर्जाला मंजुरी आणि मंजुरीला समितीची बैठक लागते, आणि समितीची बैठक घ्यायची तर ती समिती कुठली हे आधी ठरायला लागतं. सरांनी घरचा कपडे भिजवायचा टब उचलला. मग घरचा लाकडी चमचा गेला, नळाची जुनी तोटी गेली, साबणाची डबी गेली. एका सकाळी बायकोनं त्यांचा डबा त्यांच्या हातात देताना विचारलं, "हा तरी परत येणार आहे का, की हाही बुडवून बघायचाय?"

तरंगणारी पण चांगली जड अशी एक वस्तू हवी होती. ती मिळाली बाईंच्या ऑफिसात. ऑफिसचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक लाकडी ठोकळा लावलेला असे. सरांनी तो दिवसापुरता म्हणून आणला आणि मग तो वर्गातच राहिला. तेव्हापासून ऑफिसचं दार दिवसभर धाडधाड आपटू लागलं, आणि प्रत्येक आपटण्यासरशी बाईंचं सरांबद्दलचं मत थोडं थोडं खाली जात राहिलं.

या वर्गात एक मुलगी होती. पोरं तिला पुटपुटी म्हणत. प्रश्न विचारला की ती उभी राही, ओठ हलत, पण आवाज काही बाहेर येत नसे. सरांनी तिला प्रश्न विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं. तिच्याच भल्यासाठी, असं ते म्हणत. पूर्वी ती शेवटच्या बाकावर बसायची. गोलाला शेवट नसतो, त्यामुळे तिची फार पंचाईत झाली आणि ती टबाच्या अगदी शेजारी येऊन पडली. सर दुसऱ्या मुलांशी बोलत असत तेव्हा ती खाली मान घालून प्रयोगासाठी ठेवलेल्या मातीच्या गोळ्याशी काहीतरी करत बसे. त्रास देत नव्हती, म्हणून सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. शिक्षकाचं लक्ष जातं ते त्रास देणाऱ्याकडे. हा जुन्या पद्धतीचा नियम नव्या पद्धतीतही तसाच चालू राहिला होता.

दुसऱ्या तुकडीत पुस्तक निम्मं झालं तेव्हा सरांची तुकडी अजून टबातच होती. बाईंनी सरांना बोलावून घेतलं. सर मनाची तयारी करून गेले होते की आता बाकं सरळ करायची, टब घरी न्यायचा आणि कानाला खडा लावायचा. पण बाईंचा चेहरा वेगळाच होता.

"वरून फोन होता," बाई म्हणाल्या. 'वरून' म्हणजे शिक्षण खात्यातून. "साहेब स्वतः येणार आहेत. नवीन उपक्रम कुठे चाललाय का विचारत होते. मी म्हटलं, आमच्याकडे चाललाय ना!" दार आपटलं. बाई दचकल्या, पण रागावल्या नाहीत. "आपला उपक्रम त्यांना दाखवायचा. मात्र सर, एक लक्षात ठेवा. त्या दिवशी काही अनपेक्षित घडता कामा नये."

"पण बाई, या पद्धतीत अनपेक्षित तेच—"

"ते घडू दे की. पण आधी मला कळलं पाहिजे."

सर त्या संध्याकाळी फार अस्वस्थ होते. तत्त्वाचा प्रश्न होता. असा तत्त्वाचा प्रश्न आला की सर शेजारच्या अण्णांकडे जात, कारण अण्णांकडे तत्त्वं नव्हती आणि त्यामुळे उत्तरं पटकन मिळत. अण्णा म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. ज्यात आपल्याला काही कळत नाही अशाच विषयांवर सल्ला द्यायचा, हा त्यांचा बाणा होता.

"उत्स्फूर्तपणाला तयारी लागते, सर," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे तपासणीला साहेब यायचे तेव्हा खिडकीपुढची गिऱ्हाइकंसुद्धा आम्ही आमचीच उभी करायचो. खरं गिऱ्हाईक काय बोलेल, काही भरवसा असतो का?"

"पण मुलांना उत्तरं पाठ करून द्यायची म्हणजे..."

"नुसती उत्तरं नाही! सगळं बरोबर आलं की साहेबाला संशय येतो. मध्ये एक-दोन चुका पेरा. एखादं पोर चुकलं पाहिजे, दुसऱ्यानं ते सुधारलं पाहिजे. म्हणजे कसं खरं वाटतं."

सर घरी आले. त्यांनी स्वतःची समजूत अशी घातली, की चुकण्याला महत्त्व द्या असं तज्ज्ञही म्हणाले होते. आपण फक्त ती चूक आधी ठरवतोय. हे समाधान त्यांना झोप लागेपर्यंत पुरलं.

तालमी सुरू झाल्या. कोण कुठे बसणार, कोण काय विचारणार, कधी आश्चर्य वाटणार, सगळं ठरलं. सर ठोकळा पाण्यात टाकणार, तो तरंगणार, की सगळ्या वर्गानं 'अरेच्चा!' म्हणायचं. त्याआधी कुणीतरी म्हणायला हवं होतं, 'जड वस्तू बुडतात, सर.' हीच ती पेरलेली चूक. मग पहिला नंबर उठून म्हणणार, 'सर, तिचं चूक आहे! ठोकळा जड असून तरंगतो!' आणि मग मातीचा गोळा, मातीची वाटी, असं करत करत वर्ग आपल्या आपण सत्यापर्यंत पोचणार.

सत्य सांगायला सगळे तयार होते. चुकायला कुणी तयार होईना. हुशार मुलं म्हणाली, आई रागावेल. मधली मुलं म्हणाली, आधीच आमच्या बऱ्याच चुका झाल्यात. एका मुलाची आई तर शाळेत येऊन सांगून गेली, "साहेबांसमोर माझ्या मुलाच्या तोंडी चुकीचं वाक्य घालू नका, उद्या तेच वाक्य त्याला जन्मभर चिकटेल."

तेव्हा सरांची नजर पुटपुटीवर गेली. आणि सरांच्या मनात जे आलं ते असं होतं: हिचं काय जातंय?

पुढे या एका विचारानं त्यांना फार छळलं. पण तो आला तेव्हा अगदी साधा, व्यवहारी विचार वाटला होता.

"हे वाक्य खास तुझ्यासाठी आहे," सर तिला म्हणाले. मुलगी इतकी हरखली की काही विचारू नका. तिला आजवर शाळेत कुणी काही म्हणायला दिलंच नव्हतं. संमेलनात ती पडदा ओढायला असे. ती घरी जाऊन आरशासमोर वाक्य म्हणून पाहू लागली असं तिच्या मैत्रिणीनं सरांना सांगितलं, आणि सरांना उगीचच आपण फार चांगले शिक्षक असल्यासारखं वाटलं. तालमीत तिचा आवाज आधी ओठांपर्यंत आला, मग शेजारच्या बाकापर्यंत, मग खिडकीपर्यंत. एकदा वाक्य म्हणून झाल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, पण ही माती..."

"मध्ये बोलायचं नाही, बाळ. वाक्य झालं की खाली बसायचं," सर म्हणाले. वेळ कमी होता आणि 'अरेच्चा' अजून एकसुरात येत नव्हतं.

साहेबांच्या भेटीचा दिवस उजाडला. साहेब येणार होते सकाळी, आले दुपारी, त्यामुळे मुलं तोवर आश्चर्य वाटून घ्यायला अगदी उतावीळ झाली होती. पहिला पेच पडला खुर्चीचा. साहेबांची खुर्ची गोलात ठेवायची तर काही मुलांची पाठ साहेबांकडे होणार. बाईंनी चार बाकं बाजूला घ्यायला लावली. मग उरलेल्या टोकांची तोंडं तिरकी वाटू लागली, तीही सरळ केली. खातं म्हणजे एकटे साहेब नसतात, त्यांच्याबरोबर आणखी दोघं होते, त्यांच्या खुर्च्या आल्या. शिपाईमामांनी फार उत्साहानं मदत केली. सगळे स्थिरस्थावर झाले तेव्हा सरांनी पाहिलं, तर वर्ग साहेबांकडे तोंड करून सरळ रांगांत बसला होता. मामांच्या चेहऱ्यावर कृतार्थता होती.

बाईंनी साहेबांच्या हातात छापील पाठ दिला. कोण कधी काय बोलणार ते त्यात ओळीनं लिहिलं होतं. हा कागद साहेबांना देणार हे सरांना माहीत नव्हतं. ते चटकन बाईंकडे वळले. साहेबांनी मात्र चष्मा लावला, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "करा सुरू."

सरांनी ठोकळा नुसता उचलला आणि सगळा वर्ग ओरडला, "अरेच्चा!"

"अजून टाकला नाही," सर दबक्या आवाजात म्हणाले. साहेबांनी कागदावर बोट दोन ओळी पुढे नेलं, मग परत मागे आणलं. खाली ऑफिसचं दार आपटलं. सरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी घाईघाईनं पुढचा प्रश्न विचारला. "पाण्यात कुठल्या वस्तू बुडतात?" आणि भिंतीकडे हात करून ते पुटपुटीकडे वळले. "तुला काय वाटतं?"

ती उभी राहिली. ओठ हलले. आवाज येईना.

"मोठ्यानं, बाळ."

"सर," ती म्हणाली आणि तिचा आवाज चक्क खिडकीपर्यंत गेला, "मला आता तसं वाटत नाही."

"कसं?"

"जड वस्तू बुडतात, असं. हा गोळा बुडतो ना, सर. पण मी त्याच मातीची वाटी केली, तर ती तरंगली. माती तेवढीच होती. मी रोज करून बघत होते. म्हणजे नुसत्या वजनाचं नाहीये ते. वाटी पाण्यात जास्त जागा अडवते, म्हणून पाणी तिला..." शब्द सापडेना तसा तिनं दोन्ही तळव्यांनी खालून काहीतरी उचलून दाखवलं. "असं धरतं."

त्या शिबिरात तज्ज्ञांनी ज्याचं स्वप्न दाखवलं होतं, ते त्या क्षणी त्या वर्गात घडलं होतं. एका मुलीनं, कुणी न सांगता, हातानं करून बघून, पदार्थविज्ञानातला एक नियम स्वतः शोधला होता. जिला प्रश्न विचारणंही सोडून दिलं होतं अशा मुलीनं. सरांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

आणि सरांना काय दिसलं? तर साहेबांचं बोट कागदावर अडकलंय. साहेब भुवया आकसून ओळ शोधताहेत. बाई डोळे मोठे करून सरांकडे बघताहेत. तेवढ्यात पहिल्या नंबरनं, आपली वेळ झाली असं समजून, ताडकन उभं राहून ठणकावलं, "सर, तिचं चूक आहे!"

सर भडकले. निळ्या अक्षरांत रंगवलेल्या त्या भिंतीपुढे उभे राहून, सगळ्यांच्या देखत, सर त्या मुलीवर ओरडले, "तुला काय वाटतं ते कुणी विचारलंय? तुझं वाक्य म्हण!"

ती उभीच होती. ओठ हलत होते, पण आवाज पूर्वीसारखाच आत कुठेतरी राहिला. तळवे अजून तसेच, काहीतरी धरल्यासारखे होते. मग ते तिनं फ्रॉकला पुसले आणि ती खाली बसली.

पुढचा पाठ बिनचूक झाला. दोनदा 'अरेच्चा' झालं, तेही वेळेवर. पहिल्या नंबरनं मातीच्या वाटीचा शोध लावला आणि साहेबांबरोबरच्या दोघांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. सरांना पोटात कसंतरी होत होतं. पित्त असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं ते तेव्हाच.

ऑफिसात चहा घेताना साहेब खूश होते. "नियोजनबद्ध पाठ! फक्त एका जागी त्या विद्यार्थिनीनं अपेक्षित चूक केली नाही. इथे स्पष्ट लिहिलंय, चूक करेल म्हणून. पण तुम्ही लगेच तिला वळणावर आणलंत, ते मला आवडलं. नवीन पद्धतीत शिक्षकाचा धाक राहत नाही अशी लोकांची तक्रार असते."

सरांनी तोंड उघडलं. साहेब, तिचं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. एवढ्याशा वाक्याला तालीमही लागली नसती.

"आपलं मार्गदर्शन," सर म्हणाले.

"पुढच्या महिन्यात सगळ्या शाळांच्या मुख्याध्यापकांना घेऊन येतो हा पाठ बघायला," साहेब उठता उठता म्हणाले. "तेवढी एक जागा पक्की करून घ्या."

घरी अण्णा अभिनंदनाला येऊन बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली कोण जाणे. पोस्टातली माणसं. "बघा, पेरलेली चूकच कामाला आली की नाही!" असं ते दोनदा म्हणाले, तेव्हा सर आत निघून गेले. बायकोनं वाढलेलं ताट त्यांनी तसंच ठेवलं. मग एकदम सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांनी स्वतःच्या बाजूनं दोन-तीन कारणं घालून पाहिली, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून ती एकेक काढून टाकली.

"साहेबांना का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"वेळ कुठे होता? गडबड होती."

"आणि तिला?"

सरांनी ताट थोडं बाजूला सारलं.

"शाळा सुटेपर्यंत तिला सांगायलाही वेळ नव्हता का हो?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना बरं वाटलं असतं, उलट काहीतरी बोलता आलं असतं.

तेव्हा सरांना कळलं की हे पित्त नाही. ही लाज आहे. कान तापतात, मान वर होत नाही, आणि डोळे मिटले तरी एक मुलगी तळवे फ्रॉकला पुसताना दिसत राहते. सरांनी आजवर किती मुलांना उभं करून हे असं वाटायला लावलं असेल, याचा हिशेब त्यांनी करायला घेतला आणि मग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सर लवकर निघाले. शाळेपर्यंत चालताना ते माफीची वाक्यं जुळवत होते. 'काल माझं चुकलं.' हे फार छोटं वाटलं. 'काल परिस्थितीच अशी होती की...' हे साहेबांसारखं वाटलं. 'तुझं उत्तर अगदी बरोबर होतं, आणि मी सगळ्या वर्गासमोर ते सांगणार आहे.' हे बरं होतं. हेच म्हणायचं ठरवून त्यांनी ते चार-पाचदा घोकलं. वाटेत शिंप्यानं हाक मारली, "सर, अभिनंदन! तो शर्ट आणा, बाही लांब करून देतो, फुकट!" सरांनी मान खाली घातली आणि ते भराभर पुढे गेले.

ती जिन्यातच उभी होती. त्यांचीच वाट बघत असावी. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाय जुळवलेले. सरांनी घसा खाकरला. पण ते काही बोलायच्या आतच तिनं श्वास घेतला आणि खणखणीत, स्पष्ट, जिना दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "जड वस्तू बुडतात, सर!"

सर बघतच राहिले. "अगं, पण... ते चूक आहे."

"हो सर, मला माहितेय," ती म्हणाली. तिला कालचा राग नव्हता, रुसवा नव्हता. तिचा चेहरा पाठ करून आलेल्या मुलांचा असतो तसा उजळलेला होता. "काल रात्री आईनं माझ्याकडून शंभर वेळा म्हणून घेतलं. शिपाईमामा म्हणाले, साहेब पुन्हा येणार आहेत. त्या वेळी मी नीट चुकेन."

सरांनी घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. ती मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. पाठ म्हणून दाखवलं की सर जे म्हणतात त्याची वाट बघत होती. सरांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. डोळे भरले होते, आणि तशातच त्यांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "शाबास."